घर अकरा, मळा बारा

२६ ऑक्टोबर
सकाळी सहाला २० अंश. संध्याकाळी सहाला २७.

दिवाळी संपली आणि रोपं आली. अर्धापूरच्या रोपवाटिकेच्या सलीमभाईंनी स्वतः टेम्पोत बसून आणून दिली. साडेबाराशे केळी, प्रत्येक रोप काळ्या पिशवीत, वीतभर उंच. अंगणात हिरव्या जाळीखाली मांडली आणि मी बाजेवर बसून बराच वेळ बघत राहिले.

पस्तीस वर्षं आरोग्य केंद्रात लसीच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहिलं. संप असो, लग्न असो, आमच्या घरातलं मरण असो, नोंद चुकली नाही. निवृत्त झाले, अहमदपूर सोडून माहेरच्या गावात दोन खोल्या बांधल्या, पण सहा वाजले की हात पेनाकडे जातो. म्हणून ही डायरी. थर्मामीटर मुरुडच्या मेडिकलवाल्याकडून आणून घराच्या भिंतीला ठोकला आहे.

आप्पांनी, माझ्या वडिलांनी, जाण्याआधी विहिरीजवळची एकर माझ्या नावावर केली. आजवर ती माझा धाकटा भाऊ गुरुलिंग कसत होता. यंदा मी कसणार. गावाला याची गंमत वाटते आहे. वाटू द्या.

सलीमभाई जाताना म्हणाले, "सिस्टर, पंधरा नोव्हेंबरच्या आत जमिनीत गेली पाहिजेत. न्हाई जमलं तर मग जाळीतच ठेवा, थंडी सरल्यावर लावा."

पंधरा तारखेला वीस दिवस आहेत. वीस दिवसांत मी तीन गावांचं लसीकरण उरकलेलं आहे.

२९ ऑक्टोबर
सकाळी १९. पाऊस.

दिवाळीनंतर पाऊस! मळ्यात पाय टाकला आणि चप्पल तिथेच राहिली. वापसा येईपर्यंत, म्हणजे चिखल सुकून रान कामाजोगं होईपर्यंत, खड्डे घेता येणार नाहीत. काळ्या रानाला घाई कळत नाही.

३ नोव्हेंबर
सकाळी १८. अजून चिखल.

गुरुलिंग आला. चहा घेतला, जाळीखाली वाकून रोपं बघितली, एक पान बोटांनी चोळलं आणि म्हणाला, "आक्का, ही आता लावू नको. फेब्रुवारीत लाव."

मी म्हटलं, फेब्रुवारीत लावली तर मे महिन्यात गुडघ्याएवढी असतील आणि ऊन बेचाळीस. तोवर विहीर तळाला जाते. आता लावली तर थंडीआधी मूळ धरतील आणि उन्हाळ्यापर्यंत आपल्याच पानांची सावली आपल्या बुडाला करतील. कागदावर मांडून दाखवलं.

"कागदावर थंडी वाजत न्हाई," म्हणाला.

त्याला केळीतलं काय कळतं? आयुष्यभर सोयाबीन आणि हरभरा. मी निदान चार बागा फिरून आले. त्याचा डाव मला दिसतो आहे. हंगाम गेला की म्हणेल, आक्काला जमलं नाही, एकर परत माझ्याकडे. मी लहानपणी त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली आहेत, त्याचं मन मला वाचता येतं.

११ नोव्हेंबर
सकाळी १६.

माझा नियम मी ठरवला. सकाळचं तापमान सलग तीन दिवस पंधराच्या खाली गेलं तर लावायची नाहीत. सोळा आहे, म्हणजे चालतं. आदिनाथचा पुण्याहून फोन आला. "आई, शिवांगी रोज विचारते आजी कधी येणार. कशाला त्या चिखलात?" त्याला म्हटलं, चिखल वाळतो आहे.

१५ नोव्हेंबर
सकाळी १५. मळ्याच्या खालच्या अंगाला अजून ओल. आजची तारीख गेली.

१७ नोव्हेंबर
सकाळी १५.

एक कबुली. थर्मामीटर घराच्या भिंतीला आहे आणि भिंतीच्या पलीकडे माझी चूल आहे. मळ्यात याच्यापेक्षा कमीच असणार, हे मला माहीत आहे. लसीचा थर्मामीटर फ्रिजबाहेर ठेवून आकडा लिहिणाऱ्या पोरींना मी फाडून खाल्लं असतं. पण रोपं जाळीत दाटली आहेत, मुळं पिशवीतून बाहेर डोकावताहेत, आणि आता थांबणं म्हणजे गुरुलिंगचं ऐकणं.

२० नोव्हेंबर
सकाळी १५. संध्याकाळी २३.

लावली! बाराशे रोपं, सहा फुटांवर एक. आठ बायका, मी नववी. उरलेली पन्नास जाळीतच ठेवली. कंबर गेली आहे, पण काय दिसतं आहे रान!

संध्याकाळी गुरुलिंग बांधावर उभा. कामाच्या बायकांसमोर म्हणाला, "पाच दिवस उशीर झालाय, आक्का. पौषात मरतील ही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "संक्रांतीला मोजू. निम्मी मेली तर ही एकर तुला देते आणि मी पुण्याला जाते कायमची. झालं समाधान?"

"लिहून दे," म्हणाला.

हे बघ, लिहिलं. संक्रांत, चौदा जानेवारी. सहाशेच्या वर रोपं जिवंत राहिली तर मी इथेच. नाहीतर पुणे, आदिनाथचा चौथा मजला, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी. मला ते नको आहे. फार नको आहे.

२८ नोव्हेंबर
घर १३. मळा १४.

लातूरला जाऊन दुसरा थर्मामीटर आणला आणि मळ्यात मधोमध खांबाला बांधला. आता रोज दोन आकडे. हातात कंदील नको म्हणून उजाडल्यावर, सातच्या सुमारास जाते आणि वाचते.

घरापेक्षा मळा ऊबदार! लोक सांगतात रान थंड असतं म्हणून. माझं नाही. विहिरीचा शेजार असेल, किंवा जमीनच तशी असेल. आप्पांनी उगाच नाही ही एकर मला दिली.

३ डिसेंबर
घर ११. मळा १२.

उत्तरेच्या बांधावर राखेचे चार ढीग सापडले, आतून अजून गरम. गुरुलिंग सोयाबीनचं भुसकट जाळतो आहे. बांध सोडून दुसरी जागा नाही का याला? पानांवर काजळी बसते. हात लावला तर बोट काळं झालं.

शिवाय खालच्या सऱ्या सकाळी ओल्या होत्या. पाईप कुठेतरी गळतो आहे. बघायला हवं.

६ डिसेंबर
घर ११. मळा १२.

त्याला गाठून विचारलं. "माझ्या केळीवर धूर सोडून काय मिळवतोयस?"

त्याने तंबाखू मळली. "माझा बांध, माझं भुसकट. तुला काय करायचंय?"

बघा! वर तोंड करून सांगतो. त्याची बायको साखरा मागे उभी होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर याने डोळे वटारले. माझ्या धाकाने घरातली बाईसुद्धा गप्प बसवायची वेळ त्याच्यावर आली आहे.

९ डिसेंबर
घर १०. मळा ७.

सात! दोनदा वाचलं. सलीमभाईंना फोन लावला. "सातला पान जळतं, सिस्टर, पोंगा सांभाळा, मधली कोवळी सुरळी." उत्तरेकडच्या तीन ओळींत पानांच्या कडा पिवळ्या दिसताहेत. आज राखही नाही, धूरही नाही, कारण गुरुलिंग आणि साखरा कालपासून उदगीरला लग्नाला गेले आहेत. निदान काजळी तरी बसणार नाही.

१० डिसेंबर
घर १०. मळा ७. थर्मामीटर बिघडला असावा. घरचा मळ्यात आणि मळ्यातला घरी, अशी अदलाबदल केली.

११ डिसेंबर
घर १०. मळा ११.

अदलाबदल केल्यावर ताळ्यावर आला. थर्मामीटरलाही कधी कधी जागा बदलून हवी असते. लग्नाला गेलेले काल उदगीरहून परत आले आणि बांधावर पुन्हा राख. आज सहा ढीग. दोन दिवसांची कसर काढली वाटतं.

१९ डिसेंबर. येळवस.
घर ११. मळा १२.

दरवर्षी येळवसीला, मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतपूजेला, आमची कडब्याची एकच खोप असते, गुरुलिंगच्या रानात. यंदा मी माझ्या एकरीत वेगळी खोप घातली. कडबा मीच उभा केला, पाच दगड चुन्याने रंगवून आत मांडले, भज्जी, उंडे, आंबील सगळं एकटीने केलं. आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन गावातून निघाले तेव्हा ओट्यावरच्या बायका वळून बघत होत्या. लिंबाजी सुताराने विचारलंच, "सिस्टर, दोन खोपी झाल्या व्हय?" म्हटलं, हो, दोन सातबारे आहेत, दोन खोपी.

जेवायला बोलावलेले सगळे जेवून गेले. गुरुलिंग आला नाही. साखरा एकटी आली, घास घेतला, डोळे पुसत गेली. मला वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवते. पण पहिलं पाऊल मी टाकणार नाही.

मग दिवेलागणीला हेंडगा निघाला. कडब्याची पेटती पेंढी घेऊन जो तो आपापल्या पिकाभोवती फिरतो, आपल्या बांधाशी थांबतो आणि वळतो. गुरुलिंगने हरभऱ्याला फेरी घातली, माझ्या बांधाशी आला आणि थांबलाच नाही. तसाच माझ्या रानात शिरला. माझ्या केळीच्या चारी कडांनी हेंडगा फिरवून मग आपल्या बांधावर गेला. सगळ्या शिवारासमोर! एकर अजून आपलीच आहे असं दाखवून दिलं त्याने.

मी धावत गेले. ओरडले, "माझ्या रानात आग घेऊन यायचं नाही. बांधावरसुद्धा काडी पेटवायची नाही आजपासून. आप्पांची आण आहे तुला!"

त्याच्या हातातली पेंढी जळत जळत मुठीपर्यंत आली होती. ती त्याने खाली टाकली, पायाने विझवली आणि निघून गेला.

२० डिसेंबर
घर १०. मळा ७.

बांधावर राख होती, पण गार. हेंडग्याच्या वेळची असेल. बाभळीच्या फांद्या तोडून बांधाच्या वाटेवर टाकल्या. हाताला पाच काटे लागले. आता बघू कोण येतं.

२१ डिसेंबर
घर १०. मळा ६.

२२ डिसेंबर
घर ९. मळा ६. सऱ्याही कोरड्या. पाईप आपोआप गळायचा थांबला.

२३ डिसेंबर
घर ९. मळा ५.

उत्तरेकडची सगळी पानं भाजल्यासारखी तपकिरी. एका झाडाचा पोंगा ओढून बघितला, हातात आला, बुडाशी सडलेला. तसाच धरून खाली बसले. पस्तीस वर्षांत कुठल्या घरात मरण आलं तर कसं बोलायचं ते मला माहीत होतं. इथे कोणाशी बोलू?

२५ डिसेंबर
घर ९. मळा ५.

मोजली. दोनशे ऐंशी मेलेली, आणखी दोनशे काठावर. थंडी अजून महिनाभर आहे. हिशेब करायला नर्स लागत नाही.

दुपारी डायरी घेऊन बसले. दोन रकाने आखले, घर आणि मळा, आणि सगळे आकडे पुन्हा उतरवले. फ्रिजचं तापमान एखाद्या दिवशी अचानक घसरलं तर मी फ्रिजवाल्याला आधी बोलवत नसे. त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं, ते आधी बघायची. सवयीने तसंच बघितलं.

मळा गार पडला ते नऊ आणि दहा डिसेंबर. गुरुलिंग उदगीरला. मळा गार पडला ते वीसपासून. गुरुलिंगला आण घातलेली. बाकी प्रत्येक दिवशी बांधावर गरम राख.

उठले आणि साखराकडे गेले. ती भाकरी थापत होती. मी फक्त म्हटलं, "साखरा, तो धूर कशासाठी करत होता?"

तव्यावर भाकरी तशीच राहिली. "वन्सं, मला बोलायची बंदी हाय. पर आता बोलते. चार वाजता उठायचे. विहिरीचं पानी पहाटं कोमट असतंय, म्हून आधी तुमच्या केळीला सोडायचे, मग भुसकट पेटवायचे. दिस उगवायच्या आत घरला. हेंडगाबी म्हणलेत आक्काच्या रानाला कोन फिरवील, ती एकली हाय. आन आता आण घातल्यापासून झोपत न्हाईत. चारला उठतेत, बांधापर्यंत जातेत, काट्याकडं बगतेत आन माघारी येतेत."

भाकरी करपली. दोघींनीही उचलली नाही.

घरी येऊन लिहिते आहे. तारीख चुकली. पंधराच्या नंतर लावायला नको होती, फेब्रुवारीपर्यंत थांबायला हवं होतं, गुरुलिंग बरोबर होता. हे मी फक्त या पानावर लिहिते आहे आणि तोंडाने मरेपर्यंत म्हणणार नाही. आणि दुसरं. आदिनाथचे वडील गेल्यापासून आठ वर्षं मी समजत होते की माझ्यासाठी पहाटे उठणारं माणूस आता जगात कोणी नाही. ते होतं. रोज त्याचा पुरावा माझ्याच अक्षरात लिहिलेला होता आणि मला वाचता आला नाही.

२६ डिसेंबर
घर ९. मळा ७.

चार वाजता गेले. बांधावरचे काटे ओढून बाजूला केले. माफी मागायला गेले नव्हते, काटे काढायला गेले होते. घरचं भुसकट पोत्यात नेलं होतं, ते पेटवलं तर भडाभडा जळून पाच मिनिटांत संपलं.

मागून आवाज आला. "वलं करावं लागतंय, आक्का. वाळकं नुसतं भडकतंय, धूर धरत न्हाई."

"माहीत आहे मला."

"न्हाई माहीत."

डोक्यावर टोपलं घेऊन बांधाच्या पलीकडे उभा होता. मी म्हटलं, "मग ये की इकडे. तिथून काय सांगतोस?"

"आप्पाची आण घातलीस. आदी सुटली म्हण."

पंचावन्न वर्षांचा माणूस, नातू आहे त्याला, आणि बहिणीच्या शब्दासाठी थंडीत बांधापलीकडे उभा.

"सुटली," म्हटलं.

तो आत आला. आम्ही ढीग रचले. त्याने पाणी शिंपडून भुसकट दाबलं, खाली गोवरीचा विस्तव सरकवला, आणि दाट पांढरा धूर जमिनीलगत केळीत शिरू लागला. ओळीमागून ओळ झाकली गेली.

मी विचारलं, "लावू नको, लावू नको म्हणून एवढं बोंबललास. मग हे कशाला?"

"लावू नको म्हणलो व्हतो. लावल्यावर मरू दे, असं म्हणलो न्हवतो."

"आणि लिहून दे म्हणालास ते? मी पुण्याला जावं म्हणूनच ना?"

"तू भ्यावी म्हणून म्हणलो. लिहायचं म्हणल्यावर तरी भिशील आन ही पैजंची जिद सोडशील. तू बसली लिहीत!" मग विस्तवाकडे बघत म्हणाला, "पुण्याला जायचं तूच म्हणली व्हतीस. मी एकदाबी म्हणलो न्हाई."

मागची पानं उलटून पाहिली. खरंच, नाही म्हणालेला.

१४ जानेवारी. संक्रांत.
घर ११. मळा १२.

मोजणी. गुरुलिंग एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून, साखरा मधे उभी राहून आकडे लक्षात ठेवत होती. जिवंत आठशे बारा. पुष्कळांना भाजलेल्या पानांच्या मधून नवी पोपटी सुरळी आली आहे. तिळगूळ बांधावरच वाटला.

आदिनाथला फोन करून सांगितलं, कायमची येत नाही. शिवांगीच्या वाढदिवसाला तीन दिवस येईन.

"आणि केळी कोण बघणार?" त्याने विचारलं.

म्हटलं, माणूस आहे.

२१ जानेवारी
घर १२. मळा १३.

संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघते आहे. डायरी गुरुलिंगला दिली. बजावून सांगितलं, फक्त आकडे लिहायचे, खाली सही करायची, मागची पानं उलटायची नाहीत.

२२ जानेवारी
घर १२ मळा १२. पानी सोडलं. धूर केला. गुरुलिंग.

२३ जानेवारी
घर ११ मळा १२. धूर केला. उत्तरेच्या तिसऱ्या वळीत मेलं म्हणलेल्या रोपाला बुडातून कोंब हाय. म्हंजी आठशे तेरा. गुरुलिंग.

२४ जानेवारी
घर ११ मळा १२. धूर केला. आक्का, वाऱ्यानं पान उलटलं. पंचवीस डिसेंबर वाचलो. तारीख चुकली म्हणून लिहिलीस ते कुनाला सांगत न्हाई. दुसरं लिहिलीस ते साखराला वाचून दाखवलो. दोनदा. गुरुलिंग.

२५ जानेवारी
घर ११. मळा १२.

पहाटे गाडीतून उतरले ती सरळ मळ्यात. धूर केलेला होता, माणूस विहिरीवर चूळ भरत होता. वाऱ्याने म्हणे! जाड पुठ्ठ्याची डायरी, वर त्याच्या तंबाखूचा डाग, आणि वाऱ्याने.

आजपासून पाळ्या ठरल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी उठणार, बाकीचे दिवस तो. डायरीत सहीचा रकाना आखला आहे.

मेलेल्या रोपांच्या जागी जाळीतली पन्नास आणि सलीमभाईंकडची नवी रोपं लावायची आहेत. ती फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात लावणार, मळ्यातला आकडा सलग तीन सकाळी सोळाच्या वर गेल्यावर. ही तारीख मी स्वतः ठरवली आहे. गुरुलिंगने हे पान वाचलं तर त्यानेही तसंच समजावं.